इलेक्ट्रोलाइट हे कुठल्या पेयाचं नाव नाहीये

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. जमलं तर सगळं छापा, नाहीच जमलं तर निदान शेवटी जी मापं दिलीत तेवढी तरी छापा.

गेल्या रविवारच्या अंकात एकाच दिवशी दोन पानांवर 'इलेक्ट्रोलाइट' हा शब्द आला होता. आरोग्याच्या पानावर होतं की भरपूर पाणी प्या आणि इलेक्ट्रोलाइट्स घेत राहा, आणि टेक्नॉलॉजीच्या पानावर फोनची बॅटरी का फुगते त्यात होतं की आतलं इलेक्ट्रोलाइट खराब होतं. माझा भाचा सातवीत आहे, तो दोन्ही पानं घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, मावशी, बॅटरीत असतं तेच आपण पितो का? घरातले बाकीचे हसले. मला नाही हसू आलं, कारण पोराचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या दोन्ही पानांवर नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, २१ वर्षं झाली. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे रोजचं काम, सकाळी मशीनचं कॅलिब्रेशन झालं की पहिल्यांदा तेच सॅम्पल लागतात. त्यामुळे हा शब्द कोणी कसाही वापरला की मला राहवत नाही.

तर भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. मीठ पाण्यात टाकलं की ते नुसतं विरघळत नाही, सुटं होतं. सोडियम वेगळा, क्लोराइड वेगळा, एकावर प्लस चार्ज, दुसऱ्यावर मायनस, आणि दोघं पाण्यात मोकळे फिरतात. असे चार्ज असलेले कण म्हणजे आयन, आणि विरघळून किंवा वितळून ज्याचे असे आयन मोकळे होतात आणि ज्यातून मग वीज वाहू शकते ते इलेक्ट्रोलाइट. साखर पण पाण्यात विरघळते पण तिचे आयन होत नाहीत, म्हणून साखर इलेक्ट्रोलाइट नाही. म्हणजे बघा, हे एका पदार्थाचं नावच नाहीये, पदार्थ कसा वागतो त्याचं नाव आहे. मीठ पण इलेक्ट्रोलाइट आणि गाडीच्या बॅटरीतलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड पण इलेक्ट्रोलाइट, एक अंगात असल्याशिवाय आपण जगत नाही आणि दुसरं घशाखाली गेलं तर घसा आणि अन्ननलिका जाळून टाकतं. बाटलीवर नुसतं 'इलेक्ट्रोलाइट' लिहिलंय म्हणून ते चांगलं, हे डोक्यातून काढायला पाहिजे. कोणते आयन आणि किती, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही.

शब्द इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाचा, १८३४ मधला. आयन, अ‍ॅनोड, कॅथोड हे पण त्याच वेळचे, विल्यम ह्यूवेल नावाच्या विद्वान मित्राला विचारून विचारून त्याने ते ठरवले. फॅरेडेला वाटायचं की वीज सोडल्यावर हे कण सुटे होतात. स्वीडनच्या स्वांते अ‍ॅरेनियसने १८८४ मधे पीएचडीच्या प्रबंधात मांडलं की नाही, पाण्यात पडल्या पडल्याच सुटे होतात, वीज असो नसो. उप्साला विद्यापीठातल्या परीक्षकांना काही ते पटलं नाही, प्रबंधाला अगदी कमी श्रेणी मिळाली, आणि १९०३ मधे त्याच कामासाठी त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. हे मी भाच्याला मुद्दाम सांगितलं, त्याला नुकतेच सायन्समधे कमी मार्क पडलेत.

आता बॅटरी आणि शरीर यांचं नातं. बॅटरीत दोन टोकं असतात, इलेक्ट्रॉन बाहेरून वायरमधून जातात आणि आयन आतून इलेक्ट्रोलाइटमधून जातात, तेव्हा कुठे चक्र पूर्ण होतं. इलेक्ट्रोलाइटचं काम एवढंच की आयनला वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनला द्यायची नाही, दिली की आतल्या आत शॉर्ट. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली तेव्हा जस्त आणि चांदीच्या चकत्यांमधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले होते, म्हणजे पहिल्या बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट साधं मीठच होतं.

आणि आपली प्रत्येक पेशी पण चार्ज केलेली असते. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि हा फरक टिकवायला पेशीच्या आवरणात पंप बसवलेला असतो जो प्रत्येक वेळी ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, दिवसरात्र, आपण झोपलेलो असतानाही. डेन्मार्कच्या येन्स स्कोउने १९५७ मधे तो शोधला, नोबेल मिळालं १९९७ मधे, ४० वर्षांनी. मेंदूचा निरोप पायाच्या बोटापर्यंत जातो तो याच फरकावर, दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर येतो, आणि ती लाट पुढे सरकत जाते. हृदयाच्या ठोक्यामागे पण हेच, फक्त तिथे कॅल्शियमचं काम मोठं.

हा पंप मी डोळ्यांनी बघितलेला नाही पण तो बंद पडला की काय होतं ते आमच्या लॅबमधे दिसतं. कधीकधी रात्री काढलेलं रक्त कोणीतरी सेंट्रिफ्यूज न करताच, म्हणजे मशीनमधे गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करताच, फ्रिजमधे ठेवून देतं, भाबडेपणाने, की खराब होऊ नये. सकाळी ते मशीनला लावलं की पोटॅशियम ७ च्या पुढे. नॉर्मल साधारण ३.५ ते ५, म्हणजे सातच्या पुढे गेलेल्या माणसाचं हृदय कधीही बंद पडू शकतं, आणि इकडे पेशंट वॉर्डमधे आरामात गप्पा मारत बसलेला. झालेलं असं असतं की थंडीत पंप थांबला आणि रात्रभर पेशींतलं पोटॅशियम झिरपत बाहेर सिरममधे, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरतो त्या द्रवात आलं, थोडक्यात बॅटरी उतरली. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, आम्ही मोजतो ते बाहेरचं उरलेलं २ टक्के, त्यामुळे आतलं थोडंसं जरी सांडलं तरी आकडा उडतो. म्हणून सिरम लालसर दिसलं की आम्ही म्हणतो हिमोलाईज झालंय, म्हणजे लाल पेशी फुटल्यात, परत सॅम्पल पाठवा, आणि नातेवाईक चिडतात की परत कशाला टोचताय. चिडू नका हो, चुकीच्या आकड्यावर औषध दिलं जाण्यापेक्षा परत टोचलेलं बरं. रक्त काढताना मूठ सारखी उघडबंद केली तरी पोटॅशियम वाढून येतं, ते पण करू नका.

आणि जे मशीन हे मोजतं ते तरी काय करतं? तेही बॅटरीसारखंच. एका बाजूला माहिती असलेलं द्रावण, दुसऱ्या बाजूला पेशंटचं सिरम, मधे एक पडदा जो एकाच जातीच्या आयनला ओळखतो, आणि दोन्ही बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मशीन वाचतं. पोटॅशियमच्या पडद्यात व्हॅलिनोमायसिन नावाचा रेणू असतो, त्याच्या पोकळीत पोटॅशियम अगदी नेमका बसतो आणि सोडियम नीट बसत नाही. सोडियम १४० वरून १२० वर आलं तर पडद्यावरचा व्होल्टेज साधारण ४ मिलीव्होल्टनेच बदलतो. फोनच्या बॅटरीचा व्होल्टेज याच्या जवळपास हजार पट. ४ मिलीव्होल्ट! तेवढ्यात माणूस शुद्धीवरून गुंगीत गेलेला असतो. म्हणून मी रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहिती असलेलं सॅम्पल, लावल्याशिवाय एकही रिपोर्ट सोडत नाही, कितीही फोन येऊ देत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या वर्षी माझ्या बाबांना जुलाब लागले, वय ७८, ब्लडप्रेशरसाठी लघवीची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू. मी ड्यूटीवर होते, घरी फोनवर मीच सांगितलं की त्यांना पाणी भरपूर द्या आणि ओआरएस द्या. घरच्यांनी दोन्ही केलं. पाणी तांब्याने दिलं, आणि ओआरएसचं एक लिटरचं पाकीट फोडून त्यातली चमचा चमचा पावडर ग्लासभर पाण्यात, अंदाजाने, दिवसातून दोनदा, पाकीट दोन दिवस पुरवलं. गोळी पण चालूच, ती थांबवायची का ते डॉक्टरांना विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. तिसऱ्या दिवशी बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारायला लागले, उठताना तोल जायला लागला, आणि आम्ही काय म्हटलं, अशक्तपणा आहे, वय झालंय. रात्री मला काय वाटलं कोण जाणे, मीच रक्त काढलं आणि लॅबमधे नेऊन लावलं. सोडियम ११८. नॉर्मल १३५ ते १४५. माझा विश्वास बसेना, कंट्रोल लावला, बरोबर आला, परत लावलं, परत ११८. मी हजारो क्रिटिकल रिपोर्ट फोनवर सांगितलेत, त्या रात्री आईला फोन करताना तोंडातून शब्द फुटत नव्हता.

दवाखान्यात नेल्यावर मी डॉक्टरांच्या मागे लागले की लवकर वर आणा ना. ते म्हणाले, ताई, तुम्ही लॅबमधल्या आहात, तुम्हाला माहिती पाहिजे, एका दिवसात ८ च्या वर चढवायचं नाही. सोडियम हळूहळू उतरतं तेव्हा मेंदूच्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, आणि आपण घाईने वर नेलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होऊ शकतं, ते नुकसान कधीकधी कायमचं असतं. मग दर सहा तासांनी रक्त, ११८, १२०, १२३... चौथ्या दिवशी १३३ आलं आणि बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

बाबांच्या अंगात पाणी कमी नव्हतं पडलं, आम्ही इतकं पाजलं होतं. मीठ निघून जात होतं आणि आम्ही त्या जागी नुसतं पाणी भरत होतो. आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं होतं असं नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधे पळणाऱ्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि जास्त करून कोणाचं, तर पळून आल्यावर ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांचं, म्हणजे घाम गेला त्यापेक्षा पाणी जास्त प्यायलेल्यांचं. स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलेले पण त्यात होते, कारण त्या ड्रिंकमधे सोडियम रक्ताच्या मानाने फारच थोडं असतं. तहान लागेल तसं प्या हा सल्ला साधा वाटतो म्हणून कोणी छापत नाही बहुतेक.

ओआरएसचं पण तेच, लोकांना वाटतं ताकद देणारी पावडर आहे, थोडी घेतली थोडी ताकद, जास्त घेतली जास्त. तसं नाहीये. आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज बरोबरच आत जातात, एकटे नाहीत, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. अमेरिकेच्या रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मधे ही कल्पना मांडली. जुलाबात बाकीच्या वाटा बिघडल्या तरी हे दार बहुतेक वेळा चालू राहतं, म्हणून ओआरएसमधे साखर असते, चवीसाठी नाही. पण साखर जास्त झाली की उलटं होतं, ती आतड्यात पाणी खेचून घेते आणि जुलाब वाढतात, म्हणून गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत, बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे. आणि लहान मुलाला अख्खं पाकीट एका ग्लासात कालवून दिलं तर सोडियम धोकादायक वाढतं, ते पण मी लॅबमधे बघितलंय, १६० च्या वर गेलेलं बाळ.

१९७१ मधे बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, पेशंट जमिनीवर झोपलेले. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा मोजून पाकिटं भरून घेतली, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाईकांच्याच हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. इथे 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा आहे, तिथे चमचा चमचा अंदाजाने टाकत बसले असते तर हे झालं नसतं. २०२२ मधे ते गेले, पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहिती असेल, मला खरंच वाईट वाटतं.

बॅटरीबद्दल पण दोन गोष्टी लिहिते कारण भाच्याचा अर्धा प्रश्न तो होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पातळी खाली गेली की डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या प्लेट खराब करतात, आणि अ‍ॅसिड पण टाकायचं नाही कारण उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. चार्ज असताना त्या अ‍ॅसिडची घनता १.२८ च्या आसपास असते आणि बॅटरी उतरत जाते तशी ती पण उतरते, म्हणून हायड्रोमीटर बुडवून बॅटरीची तब्येत कळते, आम्ही रक्त तपासतो तसंच हे. आणि गंमत बघा, बॅटरीला जे डिस्टिल्ड वॉटर लागतं त्याने हृदय थांबतं. सिडनी रिंगर नावाच्या लंडनच्या डॉक्टरने बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात छान धडधडत ठेवलं होतं, नंतर कळलं की ते पाणी नळाचं होतं. डिस्टिल्ड पाण्यात मीठ घालून बघितलं तर हृदय थोड्या वेळात थंड. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, त्याच्यावर सगळं चाललं होतं. १८८३ ची गोष्ट, रिंगर लॅक्टेट म्हणून जी सलाईनची बाटली लावतात तिच्या नावातला रिंगर तो हाच.

फोनमधल्या लिथियम बॅटरीत पाणी चालतच नाही. लिथियम पाण्याशी भांडतं, आणि पाणी स्वतःच साधारण १.२३ व्होल्टच्या पुढे फुटायला लागतं, फोनच्या बॅटरीला ३.७ च्या आसपास लागतात. म्हणून तिथे सेंद्रिय द्रव वापरतात ज्यात लिथियमचा क्षार विरघळवलेला असतो. हा द्रव पेट घेऊ शकतो. जास्त तापला, जास्त चार्ज झाला की त्याचं विघटन होऊन गॅस होतो आणि बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, आतल्या क्षाराला दमट हवा लागली तर हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड तयार होतं आणि ते फार वाईट. तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर बॅटरी का फुगते एवढंच होतं, फुगल्यावर काय करायचं नाही ते राहून गेलं. पेट न घेणारं घन इलेक्ट्रोलाइट बनवायची धडपड जगभर चालू आहे, ती जमली तर बरंच होईल.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे. आरोग्याच्या पानावर 'इलेक्ट्रोलाइट्स घ्या' असं मोघम छापू नका, खालची मापं चौकटीत छापा, दर उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला छापा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमधे एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. घेताना पाकिटावर बघा, हेच चार पदार्थ याच प्रमाणात आहेत का. पाकीट जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं, आणि पाकीट एकदम अख्खं टाकायचं, अर्धं ठेवायचं नाही, कारण आतली पावडर सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. पाकीट मिळतच नसेल तर एक लिटर पाण्यात अर्धा सपाट लहान चमचा मीठ आणि सहा सपाट लहान चमचे साखर, पण यात पोटॅशियम नसतं हे लक्षात ठेवा आणि पाकीट मिळालं की पाकिटावर या.

घरात कोणी लघवीची गोळी घेत असेल आणि जुलाब उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा की गोळीचं काय करू. किडनीचा त्रास असलेल्यांनी कमी सोडियमवालं मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि आजारी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. आणि म्हातारं माणूस दोन दिवसांत अचानक विसरायला लागलं, नावं चुकवायला लागलं तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासा. साधी टेस्ट आहे, सॅम्पल मशीनला लावल्यापासून आकडा यायला काही मिनिटं लागतात.

भाच्याने हे पत्र वाचलं. त्याचं म्हणणं, त्याचा प्रश्न पण छापून यायला पाहिजे, म्हणून तो वर लिहिलाय तसाच ठेवा.

कळावे,
आपली नियमित वाचक
एक लॅब टेक्निशियन